आल्याच्या वासाची घंटा

“सर, हातोडी हवी होती.”

हर्डीकर सरांनी मान वर केली नाही. शनिवारी सकाळी ते आठवड्याचे कागद सह्यांसाठी घेऊन बसायचे आणि प्रत्येक सहीआधी पेनचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून शाई उतरते ना, याची खात्री करून घ्यायचे. ती दर वेळी उतरायचीच. तरीसुद्धा.

“आणखी कुणी पाहिलाय?” त्यांनी विचारलं.

“आपण पाहिलाय.”

“आपण सोडून, वैजयंती.”

“आपण सोडून कुणी नाही.”

“मग हातोडी कशाला?”

हातोडीचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची भांडणं कळायची नाहीत. पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी आमची संस्था. आमच्या अवकाश दुर्बिणीचं नाव ‘वेधा’. ती वर गेली त्या आठवड्यात सरांनी आपल्या गावच्या बंद पडलेल्या शाळेतली घंटा आणून नियंत्रण कक्षाबाहेरच्या बोळात टांगली. जाड काशाची गोल थाळी, बाजूला लाकडी हातोडी. ज्याला गॅमा किरणांचा स्फोट सापडेल त्याने टोला द्यायचा आणि सगळ्यांनी चहाला जमायचं. चाल मोठी सुरेख होती. पण पहिल्या वर्षातच हातोडी घंटेशेजारून उठली आणि सरांच्या ड्रॉवरमध्ये जाऊन बसली. नियम झाला, की परदेशी उपग्रहांपैकी एकाने तरी तोच स्फोट पाहिल्याचं कळवलं, तरच हातोडी मिळेल. म्हणजे दुसऱ्याच्या घरी पाळणा हलला की आपण आपल्या दारात घुगऱ्या वाटायच्या.

स्फोट म्हणजे काय, तर फार लांब एखादा प्रचंड तारा कोसळतो आणि मरता मरता काही सेकंद गॅमा किरणांचा झोत सोडतो. तो झोत आपल्या दिशेने असला तर उपग्रहातल्या उपकरणावर किरणांची संख्या एकदम उसळते आणि खाली बसते. कधी येईल, कुठून येईल, सांगता येत नाही. ‘वेधा’ यासाठी बांधलेलीच नव्हती. एका ताऱ्याकडे तोंड करून दिवसेंदिवस टक लावून बसायचं हे तिचं काम, आणि तेच सरांचं प्रेम. पण गॅमा किरणांना भिंत पुरती अडवत नाही. बाई समोर बघत बसलेली असली तरी कुणी मागून पाठीत धपाटा घातला की तिला कळतंच, तसं आमच्या दुर्बिणीला पाठीमागचे, बाजूचे स्फोट कळायचे. उपग्रहाचं पोट भेदून ते किरण आत यायचे. सरांच्या लेखी तो कचरा. माझ्या लेखी तोच संसार.

त्या सोमवारी समिती बसणार होती. सरांचा प्रस्ताव असा, की समोरून न आलेली माहिती उपग्रहावरच गाळून टाकावी, म्हणजे उपग्रह आपल्या डोक्यावरून जातो तेवढ्या थोड्या वेळात ताऱ्याची माहिती जास्त उतरवता येईल. प्रस्ताव मंजूर झाला असता तर ‘वेधा’ला पाठ उरली नसती. आणि वर्षावर्षाच्या बोलीवर घेतलेल्या मला कामही उरलं नसतं. म्हणून त्या शनिवारी मला हातोडी पाहिजे होती.

माझे वडील बार्शीच्या भुसार बाजारात दिवाणजी होते. समोर माणूस बसला की त्याच्या नावाने मनात जमा-नावे मांडायची खोड मला त्यांच्याकडूनच आली. सरांचं खातं मी कितीतरी वर्षं लिहीत होते. जमेच्या बाजूला भरपूर. कामात स्वच्छ, मिजास नाही, विद्यार्थ्याच्या शोधावर स्वतःचं नाव कधी चढवलं नाही. नावे एकच रक्कम, पण मोठी. भीती. ती कुठल्या तारखेला आणि कुणाकडून आली, ती नोंद मला सापडत नव्हती.

मी आलेख त्यांच्या कागदांवर ठेवला. मधोमध काटेरी शिखर.

“कालचा?” ते म्हणाले. “काल तर उपग्रह खड्ड्याच्या काठावर होता.”

दक्षिण अमेरिकेच्या वर, समुद्राकडे, पृथ्वीभोवतीच्या किरणोत्साराचा पट्टा खाली झुकलेला आहे. त्याला आम्ही खड्डा म्हणायचो. उपग्रह त्यात शिरला की उपकरणावर भारित कणांचा नुसता मारा होतो, म्हणून तेवढा वेळ ते बंद ठेवायचं. तोवर ठीक. पण खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी सरांनी एक रुंद हद्द आखून घेतली होती. त्या हद्दीतली माहिती उतरायची, पण कुणी बघायच्या आत संगणक तिला गाळून टाकायचा. आमचा इंजिनीअर सलीम मुजावर त्याला सोवळ्याची हद्द म्हणायचा. काठावरून गेलेलं सगळंच विटाळलेलं. मी मात्र सावल्यांच्या हिशेबासाठी न गाळलेल्या फायली उघडायची, म्हणून ते शिखर मला दिसलं.

“काठावर कणांची भर येतेच,” सर म्हणाले. “त्यात नवल काय?”

“कण सगळीकडून येतात, सर. धुळीच्या वादळात सावली पडत नाही.” मी दुसरं चित्र ठेवलं. “इथे पडलीय.”

उपकरणाच्या चौकोनी चकत्यांचा तो नकाशा होता. शिखराच्या त्या थोड्या क्षणांत काही चकत्यांवर किरण कमी पोचले होते. तिरपा पट्टा, आणि त्याच्या टोकाशी गोलसर डाग. पट्टा म्हणजे उपग्रहावरच्या शेजारच्या दुर्बिणीची नळी आणि डाग म्हणजे इंधनाची टाकी. किरण एका बाजूने आल्याशिवाय अशी सावली पडत नाही. सकाळच्या उन्हात अंगणातल्या खांबाची सावली बघून सूर्य कुठे आहे ते सांगता येतं, तशी मी त्यावरून स्फोटाची दिशा काढली होती.

सरांनी चित्र लांब धरलं, जवळ घेतलं.

“ढगात हत्ती दिसतो. घोडाही दिसतो. बघणाऱ्याला काय हवंय त्यावर आहे.”

“मला हत्ती नको होता. मी फक्त टाकी कुठे आहे ते मोजलं.”

“आणि ते दोन परदेशी उपग्रह? त्यांना का दिसला नाही?”

“एक पृथ्वीच्या आड होता. दुसरा त्याच वेळी खड्ड्यात, बंद.”

“सोयीचं आहे.”

“स्फोटाने आपल्याला विचारून वेळ ठरवली नाही, सर.”

ते हसले. हसायचे छान, पण ड्रॉवरची किल्ली खिशातच राहायची. “सोमवारची समिती होऊ दे. मग शांतपणे बघू.”

“सोमवारनंतर बघण्यासारखं काही उरणार नाही. मागे राहिलेला उजेड तोवर विझेल.”

स्फोटाच्या जागी निखाऱ्यासारखा उजेड राहतो. मोठ्या दुर्बिणी लगेच वळल्या तर सापडतो, नाहीतर राख. त्यासाठी जगभरच्या वेधशाळांना एक सूचना जाते, तिला आम्ही सर्क्युलर म्हणायचो. आमच्याकडची रीत अशी, की सर्क्युलरवर पहिलं नाव सरांचं आणि त्यांच्या होकाराशिवाय ते निघायचं नाही.

“तुमचा होकार नाही?”

“नाही.”

“मग नाव माझं एकटीचं घालते.”

सरांनी आता पेन खाली ठेवलं. “एकटीच्या नावाने पाठवायला नियमाची आडकाठी नाही. पण चुकलीस, तर ते पुसता येत नाही, वैजयंती. लोक वर्षानुवर्षं वाचतात.”

“वाचू देत की. शिकलेले लोक आहेत.”

कँटीनमध्ये सुभद्राबाई आलं ठेचत होत्या. त्यांचा लोखंडी बत्ता संस्थेपेक्षा जुना. त्याच्या आवाजावरून अख्ख्या इमारतीला कळायचं, की चहा होतोय. मुजावर कोपऱ्यात बसला होता. हा माणूस मिरजेचा, हाताने सोन्यासारखा आणि स्वभावाने असा, की खुर्चीवर बसायच्या आधी तिचे चारही पाय हलवून बघणार. त्याच्या खात्यात धाडस म्हणून मी कधी काही जमा केलं नव्हतं.

“पाठवलं?” त्याने आवाज खाली आणून विचारलं. चित्रं त्याने सकाळीच पाहिली होती आणि पाहून एवढंच म्हणाला होता, की टाकी आहे बघ, माझीच टाकी.

“पाठवतेय. तुझं नाव घालू?”

“बोधलेबाई, मी आत्ता चहा प्यायला आलोय. चहा पिताना माणसाला काही दिसत नाही.”

“बरं.”

“रागावू नकोस. मी कायम नोकरीतला माणूस. कायम नोकरीतल्या माणसाला कायम भीती.”

“मी कुठे रागावले? मी नुसतं लिहून ठेवलं.”

“झालं! हिचे वडील बार्शीत खाती लिहायचे, ही पुण्यात लिहिते.”

सुभद्राबाईंनी बत्ता थांबवला. “काय सापडलं का वैजूताई?”

“सापडलंय.”

“मग घंटा का वाजंना?”

“हातोडी सरांकडं आहे. ते म्हणतात, आधी दुसऱ्या कुणीतरी बघितलं पाहिजे.”

सुभद्राबाईंनी जरा विचार केला. “अवो, आपल्या दारात पाहुणा आला, तर शेजारणीला विचारायचं व्हय, आला का म्हणून?”

मी टेबलावरच लॅपटॉप उघडला. मजकूर तयार होता. वेळ, दिशा, सावलीचं चित्र आणि शेवटी स्पष्ट लिहिलेलं, की हा स्फोट सध्यातरी एकट्या ‘वेधा’ने पाहिला आहे. खाली नाव, वैजयंती बोधले. बटण दाबलं. बोटाला नेहमीच्या बटणासारखंच लागलं.

मग मी उठले. “सुभद्राबाई, तो बत्ता द्या जरा.”

“आल्यानं माखलाय.”

“चालेल.”

त्यांनी तो माझ्याकडे द्यायला हात पुढे केला, पण मध्ये मुजावर उभा. त्याने बत्ता घेतला, पदराने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने पुसला, न पुसल्यासारखाच, आणि माझ्या हातात ठेवला. “मी चहा पितोय,” तो परत म्हणाला आणि बसला.

काशाच्या थाळीवर लाकडाऐवजी लोखंड बसलं, की कसा आवाज होतो ते मला माहीत नव्हतं. बोळातल्या खिडक्यांच्या काचा थरारल्या. दारं उघडली. लेखा विभागातल्या बायका आग लागली समजून पर्सा घेऊन बाहेर आल्या. मी दुसरा टोला दिला, म्हणजे पहिला चुकून पडला असं कुणी म्हणायला नको.

सर सगळ्यात शेवटी आले. सावकाश. घंटेकडे बघितलं. थाळीच्या मधोमध एक पोचा पडला होता आणि त्याभोवती आल्याचा रस.

“पाठवलंस?”

“पाठवलं.”

“मागे घे. तासाभरात घेतलंस तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

“म्हणून तर नाही घेत, सर. लक्षात यावं म्हणून पाठवलंय.”

आसपास लोक होते. सरांनी आवाज चढवला नाही, उलट उतरवला. “ही तुझी एकटीची गोष्ट नाही. दुर्बिणीची अब्रू आहे.”

“अब्रू असती तर तिचा शब्द तिच्या घरच्यांनी आधी मानला असता.”

लेखा विभागातली एक बाई “अगंबाई” म्हणाली. सर वळले आणि आत गेले. त्यांचं दार लागलं आणि थोड्या वेळाने बोळातल्या फोनवर त्यांच्या लाइनचा दिवा लागलेला दिसला. मला वाटलं, समितीच्या लोकांना फोन करताहेत.

रविवार वाईट गेला. लडाखच्या दुर्बिणीवरून कळवलं, की ढग आहेत. दक्षिणेतल्या एका वेधशाळेने मी सांगितलेला आकाशाचा तुकडा धुंडाळून उत्तर पाठवलं, की काहीही सापडलं नाही. आमचा तुकडा मोठा, सावलीवरून काढलेली दिशा ती, सुईचं टोक थोडंच असणार. एका परदेशी विद्वानाने फार गोड भाषेत लिहिलं, की खड्ड्याच्या काठावरची माहिती आपण नीट तपासली असेलच. अशी गोड पत्रं वाचून दात दुखतात. संध्याकाळी बार्शीहून दादांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी स्फोट, सावली, खड्डा, सगळं निमूट ऐकून घेतलं आणि विचारलं, “काटा तुझा आहे का?”

“हो.”

“तपासलेला?”

“स्वतः.”

“मग वजन सांगून मोकळी हो. घेणाऱ्याला पटेल तेव्हा पटेल.”

सोमवारी समिती बसली. लांब टेबल, मध्ये बिस्किटं, अध्यक्षस्थानी बंगळुरूहून आलेल्या एक वयस्क बाई, ज्यांना सगळे बिचकून होते. सरांनी प्रस्ताव मांडला. चांगला मांडला. माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. मग मला उभं केलं. मी सावलीचं चित्र दाखवलं आणि टाकीवर बोट ठेवलं.

एक सदस्य म्हणाले, “पण बाई, मागाहून कुणालाच काही दिसलं नाही.”

“ढगाआडून दिसत नाही आणि एवढ्या मोठ्या तुकड्यात एका रात्रीत सापडत नाही. न दिसणं आणि नसणं, दोन वेगळी खाती आहेत.”

“आणि हे जर चुकीचं निघालं तर?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“तर चूक माझ्या नावावर मांडा. बरोबर निघालं तर दुर्बिणीच्या नावावर.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमच्याशिवाय हे कुणी तपासलंय?”

मी काही बोलायच्या आत मागे खुर्ची सरकली. मुजावर. उभा राहिल्यावर त्याने सवयीने आधी खुर्चीकडे बघून घेतलं, परत बसायची वेळ आली तर ती जागेवर आहे ना.

“मी,” तो म्हणाला. “उपग्रहात ती टाकी मीच बसवलीय. ही तिचीच सावली. आणि घंटेला मारलेला बत्ता मीच हातात दिला होता, तेही लिहून घ्या. नंतर भानगड नको.”

समिती हसली. मीही हसले, पण मनात त्याचं पान उघडून एक मोठी रक्कम जमेला धरली.

हसली तरी समितीने हात वर केले ते सरांच्या बाजूने. बाजूची माहिती गाळायची. उपग्रहाकडे तशी आज्ञा शुक्रवारी जाणार. आणि सर्क्युलर मी गुरुवारपर्यंत मागे घ्यायचं, नाहीतर पुढच्या वर्षीच्या माझ्या नेमणुकीचा विचार होणार नाही.

“मागे घ्याल ना?” अध्यक्षबाईंनी विचारलं, जवळजवळ विनवणीच्या सुरात.

“नाही, मॅडम. नेमणुकीचा विचार तुमचा. पाहिलेलं न पाहिलेलं करायचं काम माझ्याकडून होणार नाही.”

मंगळवार, बुधवार मी रोजच्यासारखी आले. फायली उघडल्या, बंद केल्या. लोक बोळात मला बघून एकदम मोबाईलमध्ये शिरायचे. सुभद्राबाई मात्र चहा न मागता आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, “पी, कडक केलाय.” मी टेबलाचे खण आवरून घेतले. मुजावरने ते पाहिलं आणि विचारलं, “गाशा गुंडाळतेस?”

“खण साफ करतेय. गाळून टाकायचा आठवडा आहे ना.”

गुरुवारी दुपारी मी कँटीनमध्ये बसले होते. सर आत आले. सर कँटीनमध्ये कधी यायचे नाहीत, त्यांचा चहा खोलीत जायचा. सुभद्राबाईंचा हात खलात थांबला. सरांनी माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि एक कागद टेबलावर ठेवला. मी समजले, सर्क्युलर मागे घ्यायचा मजकूर. सही तेवढी करायची.

“सर, मी सांगितलंय. नाही घेणार.”

“वाच.”

तो मजकूर नव्हता. मंगळाभोवती एक जुनं यान फिरत होतं, त्यावर गॅमा किरण मोजणारं एक उपकरण होतं. त्याची माहिती सवडीने, कित्येक दिवसांनी पृथ्वीवर उतरायची. ते सांभाळणाऱ्या माणसाचं पत्र होतं. ‘तुम्ही विचारलेल्या वेळेच्या आसपास आम्हाला एक स्पष्ट शिखर दिसतं आहे. आलेख सोबत.’ त्यांचं शिखर माझ्या शिखराशेजारी ठेवलेलं. तोच काटेरी माथा, तोच उतार. जुळी बहीण.

“तुझ्या सावलीने दाखवलेल्या बाजूने आला असेल, तर मंगळावर पोचायला जितका फरक पडायला हवा, तितकाच पडलाय,” सर म्हणाले. “मी हिशेब केला. मग परत केला.”

मी कागद खाली ठेवला. पहिल्यांदा आनंद झाला असं सांगितलं तर खोटं होईल. पहिल्यांदा मी पत्राची सुरुवात परत वाचली. ‘तुम्ही विचारलेल्या वेळेच्या.’

“त्यांना कुणी विचारलं होतं?”

“मी.”

“कधी?”

“शनिवारी. घंटा वाजली ना, त्यानंतर.”

तो फोनवरचा दिवा.

“कशाला, सर?”

सरांनी चष्मा काढला. “नाही म्हणावं म्हणून. त्यांनी नाही म्हटलं असतं की मी तुझ्यापुढे ठेवणार होतो. तू हट्टी असलीस तरी आकड्यापुढे वाकली असतीस.” मग चष्मा पुसत, “आता मला वाकायला लागतंय.”

सुभद्राबाईंनी न विचारता त्यांच्यासमोर कप ठेवला. सरांनी घोट घेतला आणि दचकले. इतकं आलं त्यांना सवयीचं नसावं.

“तुझ्या वयाचा होतो,” ते म्हणाले, “बलूनचा काळ. फुग्याला उपकरण बांधून वर सोडायचं. असंच एक शिखर आलं. मी कुणाला न विचारता जगाला कळवलं. वर्तमानपत्रात फोटो आला. गावच्या शाळेने सत्कार केला, ही घंटा त्याच शाळेतली, माझ्यासाठी वाजवली होती. महिन्याने कळलं, की उपकरण शोधायला जी जीप गेली होती, तिच्यातल्या वायरलेस सेटचा तो गोंधळ होता. मागे घेतलं. पण पुढे कितीतरी वर्षं परिषदांमध्ये लोक मला वायरलेस म्हणायचे. मागून. समोरसुद्धा.”

नोंद सापडली. तारीख, कारण, सगळं. इतकी वर्षं मी चुकीच्या पानावर शोधत होते. ती भीती दुर्बिणीसाठी नव्हतीच. ती एका तरुण मुलाची होती आणि त्याच्यासाठी वाजलेली घंटा सरांनी आमच्या बोळात टांगून वर तिची हातोडी कुलपात घातली होती.

सरांनी खिशातून हातोडी काढली आणि कागदावर ठेवली. लाकडी, दांडा हाताळून हाताळून नव्हे, न हाताळून गुळगुळीत राहिलेला.

“घे. आता नियमाप्रमाणे आहे. वाजव.”

मी तिला हात लावला नाही.

“घंटा शनिवारी वाजली, सर.”

“ती नियमाबाहेर वाजली.”

“स्फोट शनिवारी जितका खरा होता, तितकाच आज आहे. मंगळावरून पत्र आल्याने तो अधिक खरा झाला नाही, आपण फक्त कमी घाबरलो. आज ही हातोडी घेतली तर शनिवारचा माझा टोला खोटा ठरेल. आणि तुमच्यासाठी शाळेत पडलेला टोला तर कायमचाच.”

“माझा खोटाच होता.”

“शिखर खोटं होतं, सर. तुम्ही पाहिलं तसं सांगितलं होतंत, चुकलं तर मागे घेतलंत. त्यात लपवण्यासारखं काय आहे? ज्यांनी वायरलेस म्हटलं त्यांच्या खात्यात काय जमा आहे ते विचारा त्यांना.”

सरांनी कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “उद्या आज्ञा जायची आहे. मी अध्यक्षबाईंना फोन करतो. मागे घ्यायचा आजचा शेवटचा दिवस होता ना? मी माझा प्रस्ताव मागे घेतो.”

“बरं.”

“आणि ही? ही कुठे ठेवू?”

“ड्रॉवरमध्ये. तिला तिथली सवय आहे.”

मुजावर दारात उभा राहून हे ऐकत होता. तो आत आला, एक खुर्ची ओढली आणि तिचा एकही पाय न हलवता बसला.

सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या खोलीत आता मी बसते. त्यांच्यानंतर आमची घंटा पुष्कळ वेळा वाजली. काही वेळा खोटी वाजली. आम्ही तसं कळवलं, मागे घेतलं, चहा प्यायलो. आकाश जागेवरच आहे. एकदा सर भेटायला आले असताना नेमकी घंटा वाजली आणि तासाभरात ती खोटी निघाली. निरोप घेताना ते म्हणाले, “वायरलेस?” मी म्हटलं, “वायरलेस.” इतकं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

नवीन आलेलं कुणी अजूनही दारात येऊन अदबीने उभं राहतं. मॅडम, एक शिखर दिसतंय, घंटा वाजवायला परवानगी हवी होती.

“काटा तपासलास?” मी विचारते.

“हो.”

“मग माझ्याकडे काय आहे? कँटीनमध्ये जा. आणि बत्ता पुसू नकोस.”